तुमच्या चर्चचं हेड ऑफिस कुठं आहे, याचं जरा लांबलेलं उत्तर

यंदा मे महिन्यात जे वादळ झालं त्यात आमच्या बाप्टिस्ट चर्चच्या छपराची चार टिनं उडाली. दोन धुऱ्यावर सापडली, एक बाभळीत लटकलेलं होतं, चौथं कुठं गेलं ते अजून कोणालाच माहीत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पानठेल्यावर बसलो तर विषय तोच. एक म्हणे, "तुमाले काय टेन्शन बापा, अमेरिकेतून येईन पैसा." दुसरा म्हणे, "अमेरिका काहून, याईचं हेड ऑफिस नागपूरले हाये ना." तिसरा तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळातला, तो म्हणे, "आमचं जसं मोझरी, तसं याईचंबी कुठंतरी अशीनच." मी चहा पिला, हसलो आणि उठलो, कारण याचं उत्तर एका चहात होत नाही.

त्याच आठवड्यात चर्चच्या खात्याचं केवायसी करायला बँकेत गेलो. फॉर्ममध्ये एक रकाना होता, मुख्य संस्थेचं नाव. मी रिकामा सोडला. काउंटरवरच्या मॅडम म्हणाल्या रिकामं चालत नाही, काहीतरी लिहा. मी लिहिलं 'नाही'. त्या म्हणाल्या, असं कसं, चर्चच्या वरती कोणीतरी असतंच ना. मागं लाइन लागली होती, पीक कर्जवाले कुरकुर करत होते, तिथं काय समजावणार. म्हणून आता निवांत लिहून काढतो. मी काही धर्मशास्त्र शिकलेला माणूस नाही, चार वर्षांपासून मंडळीचा खजिनदार आहे, तेही मला एक्सेल येतं म्हणून.

आधी एक शब्द नीट घेऊ. चर्च म्हणतो ती बिल्डिंग, मंडळी म्हणजे माणसं. बाप्टिस्टांचा सगळा हिशोब मंडळीपासून सुरू होतो आणि बराचसा तिथंच संपतो. कॅथलिक लोकांचं कसं आहे, सरकारी खात्यासारखं, म्हणजे तलाठी, त्याच्यावर तहसीलदार, त्याच्यावर कलेक्टर, तसा फादर, त्यावर बिशप, आणि पार वर रोमला पोप. फादरची बदली वरून होते, गावाने हो म्हटलं काय अन् नाही म्हटलं काय. मेथडिस्टांमध्येही बिशप असतो आणि कोणता पाळक, म्हणजे पास्टर, कोणत्या गावी जाणार ते त्यांच्या कॉन्फरन्समध्ये वाचून दाखवतात. आमच्याकडे असं कोणी नाही. पास्टर पाहिजे असला की मंडळीची सभा बसते, दोन-तीन जणांना रविवारी उपदेशाला बोलावून ऐकतात, मग मतदान करून एकाला बोलावतात. पगार मंडळी देते (कधी वेळेवर, कधी कापूस विकल्यावर), आणि पटलं नाही तर नारळ देण्याचा अधिकारही मंडळीलाच. वरून कोणी पाठवत नाही आणि वरून कोणी काढतही नाही.

हे असं का, तर ते नावातच आहे. 1609 साली ॲमस्टरडॅमला पळून गेलेल्या काही इंग्रज लोकांनी, त्यांचा पुढारी जॉन स्मिथ, असं ठरवलं की तान्ह्या बाळाला पाणी लावून ते ख्रिस्ती झालं असं धरायचं नाही, ज्याला समजतं त्याने स्वतः उभं राहून कबूल करायचं आणि मगच बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती होण्याचा पाण्याचा विधी. त्यावरूनच नाव बाप्टिस्ट. त्यातला थॉमस हेल्विस 1612 च्या सुमारास इंग्लंडला परतला, लंडनमध्ये मंडळी सुरू केली, आणि माणसाच्या आत्म्यावर राजाची सत्ता चालत नाही असं लिहिलं म्हणून तुरुंगात गेला. आता यातून पुढचं आपोआप निघतं. जो स्वतःच्या तोंडाने कबूल करून आत आला तो सभासद, आणि जो सभासद त्याला मत. मग वरच्या साहेबाला जागाच कुठं उरते?

पण कोणाच्या हाताखाली नाही याचा अर्थ एकटी आहे असा नाही, आणि इथंच सगळ्यांचा घोळ होतो. माझ्या मते याला सगळ्यात जवळचा शब्द सोयरीक. सोयऱ्यांचं तुमच्या घरावर चालत नाही, पण त्यांना न विचारता तुम्ही लग्नाची तारीखही काढत नाही. आमच्या जुन्या पत्र्याच्या पेटीत एक फाईल आहे, तिच्यात नुसती पत्रं. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली की आमची मंडळी तिकडच्या मंडळीला पत्र देते, की ही आमची चांगल्या नावाची सभासद, हिला आपल्यात घ्या. तिकडून सून आली की तिचं पत्र इकडं येतं. पास्टरला दीक्षा द्यायची असते तेव्हाही असंच. दीक्षा आमचीच मंडळी देते, पण आजूबाजूच्या चार मंडळ्यांचे पाळक आणि वडील (मंडळीतले जबाबदार ज्येष्ठ) बोलावतात, ते उमेदवाराला दिवसभर प्रश्न विचारून घामाघूम करतात, आणि शेवटी सल्ला देतात. सल्लाच, हुकूम नाही. पण चौघांनी नाही म्हटलेल्या माणसाला दीक्षा देऊन दाखवा बरं, पुढच्या सभेला तुमच्या मांडवात कोणी येणार नाही.

आणि सोयरीक म्हटली की रुसवेफुगवे आलेच. माझ्या चुलत भावाची बायको मेथडिस्ट घरातली, लहानपणी डोक्यावर पाणी शिंपडून तिचा बाप्तिस्मा झालेला. आमच्यात पूर्ण पाण्यात बुडवूनच बाप्तिस्मा धरतात, म्हणून सभासद व्हायचं तर परत घ्यावा लागेल असं वडिलांनी सांगितलं. तिचे बाबा भडकले, म्हणे आमचा बाप्तिस्मा काय नकली होता का. दीड वर्ष ती प्रभुभोजनाच्या (भाकर आणि द्राक्षारस वाटून घेण्याच्या विधीच्या) वेळी मागच्या बाकावर बसून राहायची. शेवटी तिचं तिनेच ठरवलं, शेततळ्यात बाप्तिस्मा झाला, एप्रिलमधलं पाणी, गाळच जास्त, पास्टरचा पाय रुतला आणि दोघंही बुडता बुडता राहिले. तिचे बाबा आले होते, दूर बांधावर उभे होते, पण आले होते. आता ही अट ठेवायची की नाही हे कोण ठरवतं? मंडळीच. जगात अशाही बाप्टिस्ट मंडळ्या आहेत ज्या शिंपडलेला बाप्तिस्मा चालवून घेतात, त्यांना कोणी बाप्टिस्टातून काढत नाही.

आता मिशन. लोकांना वाटतं मिशन आणि चर्च एकच. तसं नाही. मिशन सोसायटी ही चर्चची वरची कचेरी नसून वर्गणी काढून केलेली वेगळी संस्था असते. यातली बाप्टिस्टांची पहिली म्हणजे इंग्लंडमधल्या केटरिंग गावात 2 ऑक्टोबर 1792 ला एका विधवा बाईच्या घराच्या मागच्या खोलीत झालेली. दहा-बारा पाळक आणि थोडी माणसं, त्यात विल्यम कॅरी नावाचा एक माणूस, मूळचा चांभारकाम करणारा, घरी खाणारी तोंडं भरपूर. वर्गणी कबूल झाली 13 पौंड 2 शिलिंग 6 पेन्स, आणि सांगतात की त्या चिठ्ठ्या अँड्र्यू फुलर या पाळकाच्या तपकिरीच्या डबीत गोळा केल्या. तपकिरीची डबी! कॅरीने ही कल्पना कुठून घेतली तर व्यापारी कंपन्यांवरून. व्यापारी जसे भांडवल जमवून जहाज पाठवतात, तशी आपणही सोसायटी काढून माणसं पाठवू, असं त्याने त्याच वर्षी लिहिलं होतं. म्हणजे ज्याला पटेल तो वर्गणीदार, आणि वर्गणीदार हा मंडळ्यांचा मालक होत नाही.

हाच कॅरी 1793 ला बंगालमध्ये उतरला, 1800 मध्ये श्रीरामपूरला गेला. आपलं अहमदनगरचं (आता अहिल्यानगर) श्रीरामपूर नाही बरं, कलकत्त्याजवळचं, तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यातलं, कारण इंग्रज कंपनीला आपल्या हद्दीत मिशनरी नको होते. आपला याच्याशी संबंध असा की कॅरी फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकवायचा, 1805 मध्ये त्याने मराठीचं व्याकरण छापलं, 1810 मध्ये कोश, आणि पुढच्या वर्षी बायबलचा नवा करार, तोही मोडी लिपीत, या कामात वैजनाथ नावाचे पंडित त्याच्यासोबत. महाराष्ट्रात पाय न ठेवलेला माणूस मराठीचा कोश छापतो याचं मला अजून नवल वाटतं.

पण मला सांगायची गोष्ट वेगळीच आहे. श्रीरामपूरच्या तिघांनी, कॅरी, मार्शमन आणि वॉर्ड, स्वतःच्या कमाईतून तिथं छापखाना, जागा, कॉलेज उभं केलं. कॅरीचा कॉलेजचा पगार, मार्शमनच्या शाळेची फी, सगळं एका खात्यात. फुलर जिवंत होता तोवर ठीक चाललं, तो 1815 ला गेला, लंडनच्या कमिटीत नवीन माणसं आली, आणि त्यांनी विचारायला सुरुवात केली की या जागेचे ट्रस्टी कोण, हिशोब कोणाला, हुकूम कोणाचा. श्रीरामपूरवाले म्हणे आम्ही तुमचे भाऊ आहोत, नोकर नाही. वाढत वाढत 1827 मध्ये दोघं वेगळे झाले. पहिलीच बाप्टिस्ट मिशन सोसायटी, आणि भांडण कशावर, तर जागेच्या कागदावर. हे वाचलं तेव्हा मला आमच्या पेटीतले कागद आठवले, त्यावर खाली येतो.

अमेरिकेचं तर अजून मजेदार. 1812 मध्ये तिथून पहिले मिशनरी दोन जहाजांनी भारताकडे निघाले, पाठवणारी सोसायटी बाप्टिस्ट नव्हती, बालकांना बाप्तिस्मा देणाऱ्यांची होती. एका जहाजावर अडोनिराम जडसन. तो विचार करत होता की कलकत्त्यात कॅरीशी गाठ पडेल, वाद होईल, जरा तयारी करावी. तयारी करता करता त्यालाच बाप्टिस्टांचं पटलं! कलकत्त्यात त्याने आणि बायकोने बुडवून बाप्तिस्मा घेतला, मागून दुसऱ्या जहाजाने आलेल्या ल्यूथर राईसनेही घेतला. आता पंचाईत अशी की ज्यांच्या पैशावर आले त्यांचा राजीनामा द्यावा लागला आणि अमेरिकेतल्या बाप्टिस्टांकडे पैसे पाठवायला संस्थाच नाही. जडसन ब्रह्मदेशात गेला, राईस परत जाऊन घोड्यावर गावोगाव फिरला, आणि 1814 मध्ये फिलाडेल्फियाला सगळ्या मंडळ्यांचं एक अधिवेशन भरलं, मिशनसाठी पैसे एकत्र करायला. म्हणजे आधी मिशनरी आणि मग संस्था, बैलाच्या पुढं बंडी. आणि राईसच्या जहाजावर जे दुसरे दोघं होते, गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट, ते बाप्टिस्ट झाले नाहीत, ते 1813 ला मुंबईला आले आणि त्यांच्यापासून अमेरिकन मराठी मिशन सुरू झालं, जे पुढे अहमदनगरकडे पसरलं. आज नगरकडचे ख्रिस्ती एका परंपरेचे आणि ब्रह्मदेशातले बाप्टिस्ट, त्याला कारण एका जहाजावर कोणाला काय पटलं.

ही सोयरीक तुटतेही. अमेरिकेत 1845 मध्ये गुलाम बाळगणाऱ्याला मिशनरी म्हणून पाठवायचं की नाही यावर भांडण झालं, उत्तरेकडचे नाही म्हणाले, दक्षिणेकडचे उठून गेले आणि ऑगस्टा गावात सदर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शन, म्हणजे दक्षिणेकडच्या मंडळ्यांचा संघ, वेगळं काढलं. दीडशे वर्षांनी, 1995 मध्ये, त्यांनी त्याबद्दल माफीचा ठराव केला. बाजू कोणाची बरोबर होती हे सांगायची गरज नाही. मी हे अशासाठी सांगतो की 'बाप्टिस्ट' अशी एकच कंपनी अमेरिकेत नाही, तिथंच त्यांच्या चार चुली आहेत.

या सदर्नवाल्यांची पैशाची पद्धत मात्र समजून घेण्यासारखी आहे. 1925 पासून ती चालू आहे. प्रत्येक मंडळी स्वतः ठरवते की दानपेटीतले किती टक्के बाहेर द्यायचे, ते राज्याच्या कन्व्हेन्शनला जातात, तिथं काही भाग राहतो, उरलेला राष्ट्रीय कन्व्हेन्शनला, आणि तिथून मिशनरी, सेमिनरी (पाळक तयार करणारी कॉलेजं) वगैरे. आपल्याकडे गावच्या डेअरीतून तालुक्याच्या शीतकरण केंद्रात आणि तिथून संघात दूध जातं तसं, फक्त इथं दूध किती घालायचं ते गवळ्याच्या मर्जीवर. वरच्यांना एकच गोष्ट करता येते, ती म्हणजे नातं तोडणं. तुमची मंडळी आमच्या सोबतची नाही असं ठरवू शकतात, तुमचा पास्टर काढू शकत नाहीत, चर्चला कुलूप लावू शकत नाहीत. 2023 मध्ये त्यांनी बाईला पास्टर केलं म्हणून कॅलिफोर्नियातलं सॅडलबॅक नावाचं मोठं चर्च असंच बाहेर केलं. चर्च पुढच्या रविवारी नेहमीसारखंच भरलं असणार.

मग विदर्भात बाप्टिस्ट इतके कमी का? कारण मिशनांनी एकमेकांत इलाखे वाटून घेतले होते, एकाच्या वावरात दुसऱ्याने नांगर घालायचा नाही असं. नागपूरला 1845 मध्ये स्कॉटलंडचे स्टीफन हिस्लॉप आले (कॉलेजचं नाव त्यांच्यावरूनच), म्हणून तो भाग स्कॉटिश. अकोला-खामगावकडे अलायन्स नावाचं मिशन, यवतमाळकडे फ्री मेथडिस्ट, वाशिम-बुलढाण्याकडे नाझरीन. माझ्या आजोबांच्या पिढीत कोण कोणत्या पंथाचा झाला हे बायबल वाचून कमी आणि कोणाची दमणी (बैलगाडी) आधी गावात पोचली यावरून जास्त ठरलं, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. आमच्या अचलपूर-मेळघाट पट्ट्यात कोरकू लोकांसाठी एक जुनं मिशन होतं, आणि नंतर अमेरिकेतले कन्झर्व्हेटिव्ह बाप्टिस्ट आले. हे कोण, तर उत्तरेकडच्या बाप्टिस्टांमध्ये मिशनरींची शिकवण ढिली झाली अशी तक्रार करून ज्यांनी 1943 मध्ये वेगळी मिशन सोसायटी काढली ते. म्हणजे तिकडच्या भावकीतली भांडणं आणि इकडं आमच्या गावच्या पाटीवरचं नाव, असा तो धागा आहे.

पानठेल्यावरचा दुसरा म्हणत होता ना, हेड ऑफिस नागपूरला, त्याच्या बोलण्यात थोडं तथ्य आहे. देशातल्या पुष्कळ प्रोटेस्टंट चर्चची मिळून एक परिषद आहे, नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेस इन इंडिया, तिचं ऑफिस नागपूरला सिव्हिल लाइन्समध्ये. देशातले काही मोठे बाप्टिस्ट संघ तिचे सदस्य आहेत. पण ती परिषद आहे, सरकारशी बोलणं, संकटात मदत, एकत्र येणं असली कामं, ती कोणाची मालक नाही. जागतिक पातळीवर असंच बाप्टिस्ट वर्ल्ड अलायन्स आहे, 1905 मध्ये लंडनला झालेलं, त्यातूनही सदर्नवाले 2004 मध्ये बाहेर पडले. रुसायची सवयच आहे.

आणि नागपूरचं दुसरं कारण मोठं आहे. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा वेगवेगळ्या चर्चचं एकत्रीकरण होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे सीएनआय तयार झालं. त्या सहांत उत्तर भारतातल्या बाप्टिस्ट मंडळ्यांची परिषदही होती, कॅरीच्या सोसायटीच्या कामातून उभी राहिलेली. विचार करा, ज्यांना बिशप नको होता ते बिशप असलेल्या चर्चमध्ये गेले. तडजोड अशी झाली की बाळाला बाप्तिस्मा आणि मोठेपणी बाप्तिस्मा दोन्ही चालतील. ईशान्येकडचे बाप्टिस्ट त्यात गेले नाहीत. आमचीही मंडळी गेली नाही, पण म्हणून लोक अजून विचारतात, तुम्ही सीएनआयवालेच ना?

एकत्र येणं म्हणजे प्रार्थना एकत्र, इथपर्यंत सोपं असतं. जमीन आली की अवघड होतं. त्या सहांतलंच एक ब्रदरन चर्च, गुजरातमधलं, त्यांच्यात नंतर वाद झाला की आमच्या ट्रस्टची मालमत्ता सीएनआयची झाली की नाही, आणि तो सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. 2013 मध्ये कोर्टाने सांगितलं की एकत्र यायचा ठराव केला म्हणून ट्रस्टची मालमत्ता आपोआप दुसऱ्याकडे जात नाही, पब्लिक ट्रस्ट कायद्यात जी रीत आहे ती पाळावी लागते. त्रेचाळीस वर्षांनी! मला वाटतं प्रत्येक खजिनदाराने ही गोष्ट पाठ करावी.

आपल्याकडे हा कायदा म्हणजे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, 1950 चा, साहेब म्हणजे धर्मादाय आयुक्त. चर्चची जागा कोणाची हे पाटीवर नाही, परिशिष्ट एकवर (धर्मादाय कार्यालयातला ट्रस्टच्या नोंदीचा उतारा) आणि सात-बारावर किंवा नझूलच्या कागदावर असतं. विश्वस्त मेला, बदलला, तर नव्वद दिवसांत बदल अर्ज. जागा विकायची किंवा लांब मुदतीने भाड्याने द्यायची तर आयुक्तांची आधी परवानगी. आमच्या पेटीतला कागद काढला तर विश्वस्तांमध्ये दोन नावं अशी निघाली की ज्यांच्या मयतीला मी लहानपणी गेलो होतो. एक नाव तर गोऱ्या साहेबाचं. मिशनच्या काळात जागा मिशनच्या किंवा त्यांच्या ट्रस्ट असोसिएशनच्या नावावर घेतल्या गेल्या, मिशनरी गेले, कागद राहिले. म्हणून मी म्हणतो, बाप्टिस्ट मंडळी स्वतंत्र आहे हे शंभर टक्के खरं, पण ती कोणाच्या जागेत स्वतंत्र आहे हे एकदा तहसीलमध्ये जाऊन पाहून यावं.

आता अमेरिकेतून येणारा पैसा. बाहेरचा पैसा घ्यायला एफसीआरए, म्हणजे विदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, ती आमच्यासारख्या टिनाच्या चर्चकडे नसते. आधी असं चालायचं की बाहेरची सोसायटी इथल्या एखाद्या नोंदणी असलेल्या मोठ्या संस्थेला पैसे द्यायची आणि ती पुढे दुसऱ्या नोंदणी असलेल्या संस्थांना वाटायची. 2020 च्या सप्टेंबरमधल्या दुरुस्तीने ते वाटणंच बंद झालं. आता ज्याने घेतला त्यानेच खर्च करायचा, पैसा पहिल्यांदा दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला पाहिजे, आणि ऑफिसखर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीसवर आली. म्हणजे अमेरिकेतल्या कोण्या भल्या माणसाला आमच्या चार टिनांची दया आली आणि त्याने शंभर डॉलर पाठवले, तर ते घेणं हा आमच्यासाठी गुन्हा आहे. मात्र आपला भारतीय पासपोर्टवाला माणूस बाहेर नोकरी करतो आणि स्वतःच्या कमाईतून बँकेने रीतसर पाठवतो, तो विदेशी पैसा धरत नाहीत. आमच्यातली एक पोरगी दुबईला नर्स आहे, तिचे पाच हजार आले, ते चालतात.

आणि मिशनचा पैसा आता फक्त तिकडून इकडं येतो असंही राहिलं नाही. नागालँडात बहुसंख्य लोक बाप्टिस्ट आहेत, तिथल्या आणि मिझोरामच्या मंडळ्या स्वतःचे मिशनरी पाठवतात. मिझोरामात तर बायका रोज स्वयंपाकाच्या तांदळातून एक मूठ बाजूला काढतात, तो तांदूळ गोळा होतो, विकला जातो, आणि त्यातून काम चालतं. आमच्या बायकांनी हे ऐकून तुरीच्या डाळीचं सुरू केलं होतं, तीन महिने चाललं, मग डाळ महाग झाली.

तर टिनांचं काय झालं. वादळानंतर तिसऱ्या आठवड्यात बाहेरगावच्या एका स्वतंत्र मिशनचे दोन पाहुणे गाडीने आले. म्हणे टिन काय टाकता, स्लॅब टाकून देतो, फरशी पण. फक्त पाटी आमच्या नावाची लावा आणि जागेचं दानपत्र आमच्या ट्रस्टच्या नावाने करून द्या. रविवारी उपासनेनंतर सभा बसली. तरुण पोरं म्हणे घेऊन टाका, दर पावसाळ्यात बादल्या किती दिवस ठेवायच्या. वडील म्हणे जागा आपली आहे की नाही हेच आधी धड माहीत नाही आणि दानपत्र कशाचं देता. मी श्रीरामपूरची गोष्ट सांगायला गेलो, कोणी ऐकलं नाही. मग हात वर करून मतदान. घ्यायचं म्हणणारे मोजले, नको म्हणणारे मोजले, बेरीज हजेरीपेक्षा एकाने जास्त. परत मोजलं, परत एक जास्त. शेवटी सापडलं, समोरच्या चटईवरच्या आजीने दोन्ही वेळेस हात वर केला होता. पास्टर म्हणाले, आजी असं नाही चालत. आजी म्हणे, "काहून नाई? मले दोन्हीबी पटलं."

आजीचं मत सोडूनही नको म्हणणारे जास्त निघाले. मग वर्गणी झाली, दुबईचे पाच हजार, तुरीचे काही आले, बारा किलोमीटरवरच्या अलायन्सच्या मंडळीने त्यांच्याकडे उरलेली दोन टिनं दिली, निळी, आणि शिडी दिली मोझरीवाल्याने, वर चढायलाही तोच. धुऱ्यावरची दोन ठोकून सरळ केली, बाभळीतलं कामाचं राहिलं नव्हतं. निळ्या आणि जुन्या टिनाच्या जोडावरून अजून पाणी गळते, एम-सील लावून पाहिलं, काही फरक नाही, सध्या तिथं बादली ठेवतो आणि ज्यांची बसायची जागा ती होती ते सरकून बसतात.